ब्लेंडची एस्प्रेसो चाखायची कशी, आणि दोन ब्लेंड ताडून बघायचे कसे

ब्लेंडबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या कॉफ्यांच्या मिश्रणाबद्दल, मत बनवण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी लागते: जिभेला जे लागतंय ते ब्लेंडचं आहे की त्या एका शॉटचं, म्हणजे मशीनमधून एकदा काढलेल्या एस्प्रेसोचं. दळण जरासं जाड झालं, बास्केटमधली (मशीनच्या गाळणीतली) पावडर एका बाजूला कमी बसली किंवा कपात पाच ग्रॅम जास्त उतरले, तरी चव एवढी बदलते की दोन ब्लेंडमधला फरक त्यापुढे किरकोळ वाटावा. म्हणून खाली तयारीबद्दल बरंच लिहिलं आहे. ती गाळून थेट चाखायला बसलात तर नोंदी होतील भरपूर, पण त्या ब्लेंडच्या नसतील.

दुसरं असं की एकटा कप समोर ठेवून ‘यात काय काय लागतंय’ असं विचारलं की बहुतेकांची जीभ गोंधळते. तेच दोन कप शेजारी ठेवून ‘जास्त आंबट कुठला’ असं विचारा, नवखा माणूसही बरोबर बोट ठेवतो. चवींची नावं मागाहून येतात. आधी फरक ओळखता यायला हवा.

ब्लेंडमध्ये असतं काय

साधारणपणे दोन ते चार कॉफ्या. पाया असतो जाडसर, कमी आंबट, चॉकलेट-शेंगदाण्याच्या वळणाच्या कॉफीचा; ब्राझीलची कॉफी या कामी सर्रास वापरतात. त्यावर कोलंबिया किंवा मध्य अमेरिकेकडची धुतलेली (गर धुऊन काढून मग वाळवलेली) कॉफी घालतात, तिच्यामुळे आंबटपणाला धार येते. फळांचा किंवा फुलांचा वास हवा असेल तर थोडी इथिओपियाची. आणि क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस, दाट हवा असेल तर रोबस्टा जातीची कॉफी. रोबस्टात कॅफिन अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट असतं, साखर आणि तेल कमी असतं. त्यामुळे कडूपणा, लाकडासारखी चव आणि तोंडात भरणारा जडपणा वाढतो. नीट धुऊन-निवडून तयार केलेली रोबस्टा आणि स्वस्तातली रोबस्टा यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेव्हा पाकिटावर रोबस्टा दिसली म्हणून आधीच नाक मुरडू नका.

आता एक बारीक हिशेब, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. १८ ग्रॅम कॉफीत साधारण १३० ते १५० दाणे बसतात. एखादा घटक ब्लेंडमध्ये १० टक्के असेल, तर एका शॉटमध्ये त्याचे चौदाएक दाणे यायला हवेत. पण दाणे मोजून पडत नाहीत. एका शॉटला दहा येतात, पुढच्याला अठरा. तो घटक तिखट वासाची, न धुता वाळवलेली कॉफी असेल तर दोन शॉट दोन वेगळ्या ब्लेंडचे वाटू शकतात. शिवाय पाकीट हाताळताना हलत राहतं आणि लहान दाणे खाली बसतात. पाकिटाची सुरुवात एका चवीची आणि तळ दुसऱ्या चवीचा, ही तक्रार बऱ्याचदा यातूनच येते.

उपाय सोपा आहे. चाखायच्या दिवशी पाकीट रुंद भांड्यात ओतून हाताने खालीवर करा. घटकांची फार नेमकी तुलना करायची असेल तर दोन शॉटपुरती कॉफी, म्हणजे ३६-३७ ग्रॅम, एकदम दळा, पावडर चांगली हलवा आणि मग दोन भाग करा. मात्र दळल्यावर पाच मिनिटांच्या आत दोन्ही शॉट काढून मोकळे व्हा, वास फार पटकन उडतो.

चाखण्याआधी काय काय सारखं करायचं

भाजल्याची तारीख. एस्प्रेसोसाठी भाजून सात ते एकवीस दिवस झालेली कॉफी चाखायला ठीक. तुलनेतल्या दोन ब्लेंडच्या तारखांत तीन-चार दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. फार ताज्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. क्रेमा फसफसून येतो, बुडबुडे मोठे असतात, शॉट मध्येच वेग घेतो आणि जिभेला टोचल्यासारखी धार लागते. ती धार फळाची नसते, वायूची असते. फार जुन्या कॉफीत उलट: क्रेमा पातळ, मिनिटभरात विरतो आणि चव पुठ्ठ्यासारखी.

पाणी. विरघळलेले क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि अल्कलिनिटी (आम्ल मारण्याची पाण्याची ताकद) ४० ते ७५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी. अल्कलिनिटी जास्त असलेलं पाणी कॉफीतलं आम्ल मारून टाकतं. अशा पाण्यात धारदार आणि मवाळ ब्लेंड दोन्ही एकसारखे सपाट लागतात आणि तुम्ही दोष देता ब्लेंडला. अगदी शुद्ध केलेल्या, क्षार काढून टाकलेल्या पाण्यातही गंमत नाही, त्यात आंबटपणा बोचरा होतो.

प्रमाण. सुरुवातीला १८ ग्रॅम पावडर, कपात ३६ ग्रॅम, वेळ २५ ते ३० सेकंद, पाणी ९३ अंश सेल्सिअस, दाब ९ बार. कपातलं मोजमाप वजनकाट्यावरच करा, मिलिलिटरमध्ये नको. रोबस्टा असलेल्या ब्लेंडचा क्रेमा फुगतो आणि कप उगीच भरलेला दिसतो. इटलीच्या पारंपरिक पद्धतीत सात ग्रॅम पावडरीपासून सुमारे २५ मिलिलिटर काढतात, पाणीही थोडं कमी तापवतात, ८८ अंशांच्या आसपास. गडद भाजलेला, रोबस्टा घातलेला ब्लेंड बहुधा अशा कृतीसाठी बनवलेला असतो. त्याला ९३ अंशांवर बसवून ‘फार कडू’ म्हणणं अन्यायाचं आहे. म्हणून फेऱ्या दोन करा: पहिलीत दोन्ही ब्लेंड एकाच प्रमाणात, दुसरीत प्रत्येक ब्लेंड त्याच्या भाजणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणात.

दळणाबाबत एक चूक फार जण करतात. ‘सगळं सारखं ठेवायचं’ म्हणून ग्राइंडरचा आकडाही तोच ठेवतात. दोन ब्लेंड एकाच आकड्यावर सारखे दळले जात नाहीत. गडद भाजलेला दाणा ठिसूळ असतो, फिकट भाजलेला कडक. त्याच आकड्यावर एक शॉट १९ सेकंदांत संपतो आणि दुसरा ४० सेकंद रेंगाळतो. मग तुम्ही ताडून बघता ते कमी उतरलेला अर्क आणि जास्त उतरलेला अर्क. सारखं ठेवायचं ते पावडरीचं वजन, कपातलं वजन आणि तापमान. दळण हवं तसं बदलून वेळ २५ ते ३० सेकंदांत आणा. रिफ्रॅक्टोमीटर (पेयात किती कॉफी विरघळली ते मोजणारं उपकरण) असेल तर काम आणखी पक्कं होतं: ३६ ग्रॅम एस्प्रेसोत विरघळलेला भाग ९.५ टक्के निघाला, तर ३६ गुणिले ०.०९५ भागिले १८, म्हणजे १९ टक्के अर्क. दोन ब्लेंडमध्ये हा आकडा एका टक्क्याच्या आत आला की निर्धास्तपणे चाखा.

ब्लेंड बदलताना ग्राइंडरमधून नव्या ब्लेंडचे आठ-दहा ग्रॅम दळून टाकून द्या. आत आधीची पावडर अडकलेली असते. हळहळ वाटते, पण मिश्र शॉट चाखून नोंदवही भरण्यापेक्षा ते परवडतं.

आणि शॉट बाद करायची हिंमत ठेवा. वजन एका ग्रॅमपेक्षा जास्त चुकलं, वेळ ठरलेल्यापेक्षा तीन सेकंदांहून जास्त हलला, किंवा बिनतळाच्या पोर्टाफिल्टरमधून (बास्केट धरणाऱ्या दांड्यातून) चिळकांडी उडाली, तर तो कप तुलनेत धरू नका.

जिभेला आंबट-कडू वेगळं कळतं का?

हा प्रश्न बालिश वाटतो, पण एस्प्रेसोच्या तीव्रतेत आंबट आणि कडू यांची गल्लत भलेभले करतात. तुरटपणालाही लोक कडूच म्हणतात. चार ग्लास तयार करा: लिटरभर पाण्यात १० ग्रॅम साखर, दुसऱ्या लिटरमध्ये अर्धा ग्रॅम सायट्रिक अॅसिड, तिसऱ्यात दीड ग्रॅम मीठ, आणि चौथ्यात दहा मिनिटं मुरवून गार केलेला काळा चहा, दूध-साखर न घालता. कडूसाठी वेगळा नमुना हवा असेल तर टॉनिक वॉटर चालेल, त्यात क्विनाइन असतं. गोडी तेवढी दुर्लक्षा. प्रत्येकाचा घोट घ्या आणि तोंडात कुठे काय होतं ते बघा. आंबटाने लाळ सुटते, गालांच्या आतून पाणी येतं. कडू जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळल्यासारखं वाटतं. चहाने जीभ आणि हिरड्या कोरड्या, खरखरीत होतात. तो तुरटपणा, ती चव नव्हे, स्पर्श आहे. एवढं एकदा लक्षात राहिलं की पुढची अर्धी भांडणं मिटतात.

एक कप, सावकाश

कप चिनी मातीचा, कोमट केलेला, आणि सगळे कप एकाच आकाराचे. अत्तर, तिखट खाणं, दात घासणं, यांपैकी काही झालं असेल तर तासभर थांबा.

शॉट उतरल्या उतरल्या न ढवळता वास घ्या. मग चमच्याच्या टोकाने थोडा क्रेमा उचलून नुसता चाखून बघा, एकदाच. तो कडू, राखेसारखा लागतो. त्यात दळणाचे अतिसूक्ष्म कण अडकलेले असतात. दिसायला देखणा असला तरी चवीच्या बाबतीत क्रेमाचा फार मान ठेवायची गरज नाही.

आता तळापर्यंत चमचा नेऊन आठ-दहा वेळा ढवळा. एस्प्रेसोत थर असतात. आधी उतरलेला दाट भाग तळाशी राहतो, शेवटचा पातळ भाग वर. न ढवळता चाखलात तर पहिला घोट आणि शेवटचा घोट दोन वेगळी पेयं असतात. दोघांनी एकाच कपातून चाखून वाद घालण्यामागचं कारण बहुधा हेच.

घोट लहान घ्या, अर्धा चमचा पुरे. आवाज करत, हवेसकट ओढा, म्हणजे जिभेभर पसरतो आणि वास घशामागून नाकात चढतो. मग क्रमाने लक्ष द्या. पहिल्या क्षणी येतो आंबटपणा: तो लिंबासारखा धारदार आहे, सफरचंदासारखा मऊ आहे, की व्हिनेगरसारखा झोंबतोय? त्यामागे गोडवा आणि जाडी. गोडवा साखरेसारखा थेट लागत नाही. आंबट आणि कडू यांच्या कडा बोथट झाल्यासारखं वाटतं, तो गोडवा. जाडीसाठी जीभ टाळूवर घासून बघा: पाणी, दूध की पाक? गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मनात तीसपर्यंत आकडे मोजा. चांगल्या ब्लेंडमध्ये तिसाव्या आकड्याला चॉकलेट किंवा कॅरॅमलसारखं काहीतरी उरलेलं असतं. वाईटात कोरडेपणा आणि राख उरते. ब्लेंड पारखायला हा शेवटचा अर्धा मिनिट सर्वांत कामाचा, आणि घाईत नेमका तोच निसटतो.

नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. फक्त आंबट, कडू, गोड, खारट आणि जाडी एवढंच कळेल. आता नाक सोडा: चॉकलेट, बदाम, मनुका, संत्र्याची साल, जे काही एकदम उघडतं ते वासाचं काम. नोंदीत हे दोन भाग वेगळे लिहा.

तोच कप तीनदा चाखा: ६० अंशांच्या आसपास, मग ४५ च्या आसपास आणि शेवटी जवळपास गार झाल्यावर. गरम असताना भाजण्याचे वास पुढे असतात. निवताना आंबटपणा आणि फळांच्या चवी उघड्या पडतात आणि दोषही लपत नाहीत. रबरासारखा, ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा बुरशीचा वास बहुतेक वेळा गार कपातच सापडतो.

तरीही काहीच वेगळं कळत नसेल तर अर्धी एस्प्रेसो दुसऱ्या कपात घ्या आणि तिच्या तिप्पट वजनाचं गरम पाणी घाला. एस्प्रेसोची तीव्रता जिभेला दिपवते. पातळ केल्यावर तीच चव सुटी सुटी होते. घटक ओळखायचे असतील तर पातळ कप, जाडी आणि तोल बघायचा असेल तर मूळ कप.

शॉटचे तुकडे

एकच शॉट चार कपांत पकडा, प्रत्येकी नऊ ग्रॅम. वजनकाट्यावर कप पटापट सरकवावे लागतात, दोघं असाल तर बरं. पहिला कप काळा, पाकासारखा, आंबट-खारट आणि जवळजवळ असह्य. दुसऱ्यात गोडवा येतो. तिसरा सौम्य. चौथा फिकट, पातळ, कडवट. एकेका कपाची चव लागेपुरतीच घ्या, बाकीचं राखून ठेवा. ब्लेंडमध्ये यातून एक जास्तीची माहिती मिळते: धारदार अरेबिकाचा आंबटपणा पहिल्या दोन कपांत दिसतो, रोबस्टाचा किंवा गडद भाजणीचा लाकडी कडूपणा चौथ्यात.

मग पहिले तीन कप एकत्र ओता आणि चाखा. हा झाला २७ ग्रॅमचा शॉट. त्यात थोडा थोडा चौथा कप घालत जा. ज्या क्षणी कोरडेपणा जाणवेल तिथे थांबा आणि वजन बघा. त्या ब्लेंडला कपात किती ग्रॅम काढायचे, याचा आकडा इथेच मिळतो, आणि तो अंदाजाने ठरवलेल्या ३६ पेक्षा बरेचदा कमी निघतो.

घटक वेगळे मिळत असतील तर

काही भाजणारे ब्लेंडमधल्या कॉफ्या सुट्याही विकतात. मग प्रत्येकीचं कपिंग करा, म्हणजे मशीनशिवाय कपातच भिजवून चाखा: जाडसर दळलेली ८.२५ ग्रॅम कॉफी, १५० मिलिलिटर पाणी ९३ अंशांचं, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडून फेस काढून टाका, आणि दहा-बारा मिनिटांनंतर चाखायला घ्या. सगळ्या कपांतलं पेय वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून बघता येतं: ६० ग्रॅम या कपातलं, ४० त्या कपातलं. नंतर एक घटक वगळून मिसळा. वगळल्यावर काय हरवलं, त्यावरून त्या घटकाचं ब्लेंडमधलं काम कळतं. ही पद्धत दिशा दाखवते, अंतिम उत्तर देत नाही. एस्प्रेसोत सगळे दाणे एकाच दळणात, एकाच पाण्याखाली येतात, आणि फिकट भाजलेल्या दाण्याचा अर्क तिथे कमी उतरतो. कपिंगमध्ये सुगंधी वाटलेला घटक शॉटमध्ये नुसता आंबट निघाला तर नवल नाही.

दोन ब्लेंड समोरासमोर

पहिली अडचण वेळेची. एकाच ग्रुपच्या (पोर्टाफिल्टर बसवायला एकच जागा असलेल्या) मशीनवर दुसरा शॉट तयार होईपर्यंत पहिला निवलेला असतो, आणि गरम कप बहुधा जिंकतो. त्यामुळे दोन्ही शॉट काढून ४५ अंशांच्या खाली येऊ द्या आणि मग चाखा. दुसरी अडचण क्रमाची: कडू ब्लेंडनंतर चाखलेला मवाळ ब्लेंड फिका वाटतो. क्रम उलटा करून पुन्हा चाखा. मत उलटलं तर ते मत धरू नका. मध्ये कोमट पाण्याने चूळ भरा, मिनिटभर थांबा.

तिसरी अडचण आपल्या मनाची. महागाच्या पाकिटातली कॉफी माहीत असली की चांगलीच लागते. कपांच्या तळाला तीन आकडी क्रमांक चिकटवा आणि कुणाला तरी जागा बदलायला सांगा. तीन कप ठेवा, दोन एका ब्लेंडचे आणि एक दुसऱ्याचा. वेगळा कुठला ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतंच. सहापैकी पाच वेळा ओळखलंत तर फरक खरा मानायला हरकत नाही. सहापैकी तीन-चार म्हणजे अजून काही सिद्ध झालेलं नाही.

पण त्याआधी हीच चाचणी एकाच ब्लेंडवर करा. दोन कप एका शॉटचे, तिसरा त्याच ब्लेंडच्या दुसऱ्या शॉटचा. इथेही तुम्ही वेगळा कप सहज ओळखत असाल तर शॉट एकसारखे निघत नाहीत, आणि दोन ब्लेंडच्या तुलनेला अजून वेळ आहे. पावडर सारखी पसरणं, सरळ टॅम्प करणं (दाबून बसवणं) आणि दाणे मिसळणं, यांकडे आधी बघा.

कॅफिनचा हिशेब ठेवा. १८ ग्रॅमच्या एका शॉटमध्ये ते दीडशे मिलिग्रॅमच्या घरात जाऊ शकतं. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात, गरोदरपणात त्याच्या निम्मं. चाखलेलं थुंकायला भांडं जवळ असू द्या. हात थरथरायला लागल्यावर जिभेचा निकालही धरण्यासारखा राहत नाही.

दूध घालून

दुधाबरोबर पिण्यासाठी ब्लेंड निवडायचा असेल तर नुसती एस्प्रेसो चाखून निर्णय घेऊ नका. ३६ ग्रॅम शॉटला १२० ते १५० ग्रॅम दूध, ६० अंशांपर्यंत तापवलेलं, साखर नाही. दुधातली प्रथिनं तुरटपणा झाकतात आणि स्निग्धांश कडूपणा मवाळ करतो, त्यामुळे नुसता कडक वाटणारा ब्लेंड इथे चॉकलेटसारखा उतरतो. फिकट भाजलेल्या, लिंबाच्या धारेच्या ब्लेंडचं दुधात बरेचदा हसं होतं, दूध नासायला लागल्यासारखं लागतं. नाजूक फुलांचे वास दुधात गडप होतात. कॅरॅमल, शेंगदाणा, मनुका आणि न धुतलेल्या कॉफीतला बेरीसारखा वास टिकतो.

बिघडलेली चव कुणाची

आंबट, पातळ, शेवटी काहीच उरत नाही: अर्क कमी उतरला. दळण बारीक करा किंवा कपात तीन-चार ग्रॅम जास्त घ्या. खारट छटाही इथलीच.

कडू, कोरडं, जीभ खरखरीत: अर्क जास्त उतरला. कपात कमी घ्या, नाहीतर पाणी एक-दोन अंशांनी उतरवा.

आंबट आणि कडू दोन्ही एकदम, वर तुरट: हे फसवं. पाण्याने पावडरीच्या चकतीत वाट शोधली, म्हणजे चॅनलिंग झालं. एका भागातून अर्क ओढून काढला, दुसरा भाग तसाच राहिला. दळणाचा आकडा बदलून हे सुटत नाही. गुठळ्या सुईने मोडून पावडर नीट पसरा.

राख, जळकटपणा, आणि पाणी कमी तापवूनही तो जात नाही: भाजणीचा दोष. सपाट, पावासारखी किंवा धान्यासारखी चव, ना आंबट ना गोड, कितीही फिरवाफिरवी केली तरी तीच: हाही बहुधा भाजणीचाच. अशा ब्लेंडवर दोन-तीन शॉट पुरे; अख्खं पाकीट जुळवण्यात घालवू नका.

नोंदीत ब्लेंडचं नाव, भाजल्याची तारीख, ग्राइंडरचा आकडा, पावडर, कपातलं वजन, सेकंद, आणि पाच गुण पाचपैकी: आंबट, गोड, कडू, जाडी, शेवट. चवींची नावं दोनच लिहा, ज्यांची खात्री आहे ती. पाकिटावर छापलेली वर्णनं चाखून झाल्यावर वाचा. आणि तेच पाकीट चार-पाच दिवसांनी पुन्हा चाखा; मात्र दळण आधी एखाद्या खुणेने बारीक करून घ्या, कारण जुनी होत चाललेली कॉफी त्याच आकड्यावर भरभर उतरते.